गाडी किंचाळते म्हणतात

शनिवार, १२ एप्रिल

जुनी गाडी सांभाळणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो! तुमचं-माझं दुखणं एकच आहे. आपली गाडी काही सांगू लागली की ते ऐकून घ्यायला या शहरात कोणाला वेळ नसतो. गॅरेजवाला म्हणतो, विकून टाका. शेजारी म्हणतो, विकून टाका. मुलगा बोटीवरून फोन करतो, तोही म्हणतो, बाबा, विकून टाका. एकोणीस वर्षं जिने आपल्याला पाठीवर वाहिलं, तिची बाजू न ऐकताच तिला भंगारात काढायचं, हा कुठला न्याय?

थांबतो. समोर गर्दी नाही, वही आहे. चाळीस वर्षं गिरणीच्या दारात कामगारांच्या गेटसभा घेतल्या, त्यामुळे लिहायला बसलो तरी समोर माणसं दिसायला लागतात.

झालं असं. सकाळी मनवाला घेऊन माहीमला निघालो. मनवा माझी नात, आठ वर्षांची. ती बोलत नाही. डॉक्टरांचा शब्द स्वमग्न. बुधवारी आणि शनिवारी माहीमच्या केंद्रात तिचे उपचार असतात आणि तिला नेण्या-आणण्याचं काम माझं. मुलगा सुशांत जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. सून दर्शना फोर्टला नोकरीत, तिला गाडी चालवता येत नाही. आणि मनवा दुसऱ्या कुठल्याच वाहनात बसत नाही. टॅक्सीत एकदा चालत्या गाडीचं दार उघडायला गेली होती. बसमध्ये तर पायरीवरच अंग टाकते. आमच्या विटकरी गाडीत मात्र मागे डावीकडे बसते आणि काचेवर बोटाने गोल काढत राहते. दर्शना म्हणते, त्या वेळी ती बारीक आवाजात गुणगुणते. दोन वर्षं मी गाडी चालवतोय, मला एकदाही ऐकू आलं नाही. आईचं मन आहे, म्हणो बापडी.

आज दादरच्या पुलावर चढताना आरशात पाहिलं तर मनवाने दोन्ही कानांवर हात दाबले होते. चेहरा पिळवटलेला. केंद्रात पोचलो तेव्हा तिचा फ्रॉक घामाने भिजला होता. परत येताना तर सीटखाली जाऊन बसली.

कंपाउंडमध्ये गाडी लावली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून उभा राहिलो. आणि ऐकू आलं. ठक्. ठक्. ठक्. खोल, छातीत बसेल असं. वरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून माझी बायको शांता हातवारे करत होती.

"अहो, बंद करा ती! कुत्र्याचं पिल्लू चाकाखाली आल्यासारखी किंचाळतेय!"

मी वाकून गाडीखाली पाहिलं. पिल्लू नव्हतं.

रविवार, १३ एप्रिल

लवूला बोलावलं. लवू गिरणीत, जिथे कापड विणतात त्या आमच्या साचेखात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम. शेजारच्या चाळीत राहतो, वय पंच्याहत्तर. तीनशे साचे एका वेळी चालू असताना कुठल्या साच्याचा पट्टा सैल झालाय, हे तो नुसता तळवा साच्यावर टेकवून सांगायचा. लवूचा कान, म्हणत सगळे. मॅनेजरसुद्धा त्याच्या कानापुढे गप्प बसायचा.

लांब स्क्रूड्रायव्हर आणला. टोक इंजिनला, मूठ कानाला. आधी त्याने ऐकलं, मग मी.

"गंग्या, ह्या ठक्ठक् आयकतंस?"

"ऐकतोय की."

"खालसून येता. बेअरिंग गेला. नाय तर पिस्टन."

"शांता म्हणते किंचाळते."

"बायकांचा सोड मेल्या. माका दुसरा कायएक आवाज येणा नाय."

मलाही नाही. दोघांचं एकमत झालं. पाचशे माणसांत एकमत घडवायला मला पूर्वी अर्धा तास लागायचा, इथे अर्धा मिनिट. खालचं बेअरिंग गेलं असेल तर गाडी रस्त्यात कुठेही जाम होईल. मनवा मागे बसलेली असताना, पुलाच्या मध्यावर? ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

गाडी चालवायची नाही असं ठरवलं.

बुधवार, १६ एप्रिल

पहिला खाडा. केंद्रातल्या बाईंनी दर्शनाला नियम पुन्हा समजावून सांगितला. सलग सहा खाडे झाले की जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. क्रूर नियम आहे, पण खोटं कशाला बोलू, आम्हालाही असाच कोणाच्या तरी खाड्यांवर नंबर मिळाला होता. चौदा महिने थांबून. चौदा महिन्यांनी आत गेलेली मनवा आता स्वतः चमचा धरते. पाणी हवं असेल तर पेल्याचं चित्र आणून देते. एवढं दोन वर्षांत कमावलंय.

सहावा खाडा तीन मेला पडेल.

गुरुवार, १७ एप्रिल

रघुवीरच्या गॅरेजात गेलो. रस्त्याच्या कडेला सात गाड्या उभ्या. मे महिना आला, सगळ्यांना कोकणात जायचंय.

"भाऊ, हात बघा माझे. या आठवड्यात नाय जमणार. आवाज कसा आहे ते सांगा. ठक्ठक् की किर्रर्र?"

"ठक्ठक्. खालून. लवूनेही ऐकलाय."

त्याचा चेहरा उतरला. "लवूकाकांनी ऐकलाय? मग भाऊ, अजिबात चालवू नका. बेअरिंग असेल तर इंजिन उतरवावं लागेल. दहा-बारा दिवस धरा. ते पण मे सुरू झाल्यावर हात लावीन."

हिशेब सोपा होता. मेमध्ये बारा दिवस म्हणजे मनवाची जागा गेली.

रघुवीरच्या वडिलांची थकबाकी मी मिलच्या दारात उपोषण करून मिळवून दिली होती. तेव्हापासून त्याच्या घरात माझा शब्द खाली पडत नाही. आज मात्र त्याच शब्दाने मला बांधून टाकलं.

रविवार, २० एप्रिल

शनिवारचा खाडा धरून दोन झाले. हातावर हात ठेवून बसणं मला कधी जमलं नाही. पुस्तकं आणली, दादरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन, एक इंग्रजी. मोबाइलवर चलचित्रं पाहिली. अर्थशास्त्राचे जाडजूड ग्रंथ मी रात्रशाळेत बसून पचवले आहेत, एका चार सिलिंडरच्या इंजिनाने मला हरवावं?

एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहून ठेवतो. माणसांना आवाजाचं वर्णन करता येत नाही. आपल्याला घाबरवणारा प्रत्येक आवाज ती किंकाळीच समजतात. शांता म्हणते पिल्लू. चौकीदार म्हणतो, लोखंडाच्या पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. मासेवाली रखमा पाटी डोक्यावर घेऊन गेटातून आत आली आणि गाडी चालू बघून तिथूनच वळली. "भाऊ, माझे दात आंबले," म्हणे. एका साध्या ठक्ठक्चे तीन माणसांनी तीन अर्थ लावले. शास्त्रीय दृष्टी नसली की असं होतं. साचेखात्यात आम्हाला हे आपोआप मिळालं. तिथल्या गदारोळात आम्ही ओठांवरून बोलणं वाचायचो, हातांनी उत्तर द्यायचो, आणि तरीही यंत्राचं दुखणं ओळखायचो.

शांता बोलण्याआधी नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवते, समोर येते आणि मग बोलते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढा जिव्हाळा टिकून आहे. आज तशीच समोर आली आणि म्हणाली, "दर्शनाला एकदा विचारा ना आवाजाचं. तिला नीट सांगता येईल."

मी म्हटलं, यंत्राचं मला सांगू नका.

सोमवार, २१ एप्रिल

विजय!

पुस्तकात लिहिलं होतं, इंजिनाकडे जाण्याआधी आजूबाजूचं सैल सामान तपासा. एकेक गोष्ट हाताने हलवून पाहिली. एअर फिल्टरचा डबा घट्ट. होज घट्ट. बॅटरी हलवली आणि ती माझ्या हातात नाचली! तिला आवळून धरणाऱ्या पट्टीचा नट निम्मा बाहेर आला होता. इंजिन थरथरलं की बॅटरी खालच्या पत्र्यावर आपटत होती. ठक्. ठक्.

दहा नंबरचा पाना घेतला. चार फेरे. गाडी सुरू केली.

शांतता. काय सांगू, एवढी सुंदर शांतता मी क्वचित ऐकली असेल. लवूला हाक मारली. त्याने तळवा बॉनेटवर टेकवला आणि दाढेने पान चावत हसला. "घड्याळ, मेल्या. घड्याळ चलताहा."

आम्ही दोघांनी चहा मागवला. वर पाहिलं तर शांताने गॅलरीचं दार लावून घेतलं होतं. उन्हामुळे असेल.

बुधवार, २३ एप्रिल

हे पान लिहावंसं वाटत नाही, पण न लिहिलं तर ही वही खोटी ठरेल.

दर्शनाने अर्धी रजा काढली होती. मी तिला आणि मनवाला खाली बोलावलं, नवरा मुलगा मिरवावा तशी गाडी पुसून उभी केली होती. मनवा स्वतःहून पुढे आली. मागच्या डाव्या दाराला हात लावला. मला वाटलं, जिंकलो. मी किल्ली फिरवली.

तिने कानांवर हात दाबले. मागे सरकली, भिंतीला टेकली, खाली बसली, कपाळ गुडघ्यांत घातलं आणि पुढे-मागे डोलायला लागली. मी इंजिन बंद केलं तरी बराच वेळ डोलत राहिली.

"बाबा, ती किंकाळी अजून आहे," दर्शना म्हणाली.

"कसली किंकाळी? ठक्ठक् होती. मी स्वतः काढली."

"ठक्ठक्चं मी कधी म्हटलंच नाही. पहिल्या दिवसापासून सांगतेय, बारीक, टोकदार आवाज आहे. मला तो दातांत जाणवतो."

"लवूने ऐकलंय. मी ऐकलंय. दोन माणसं, यंत्रात हयात गेलेली—"

"मग मला काय भास होतायत? आणि आईंना? आणि हिला?"

इथे मी बोलायला लागलो. बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. मी म्हणालो, भीती ही संसर्गजन्य असते. आई घाबरली की मूल घाबरतं. तू या पोरीभोवती कापूस गुंडाळलास. आवाज गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे. दहा वर्षांपूर्वी या चाळीतली मुलं मिलच्या भोंग्यावर उठायची, कोणी कानांवर हात ठेवले नाहीत. (दहा नव्हे, चाळीस. रागात आकडे चुकतात.) तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली होती. वरच्या मजल्यावरच्या मनू काकूंचा नातू शिट्टीसुद्धा वाजवत असावा, दोन बोटं तोंडात होती. सभा चांगली भरली होती. फक्त समोर शत्रू नव्हता, माझी सून होती.

ती मनवाची चप्पल चढवत होती. मान खाली घालून काहीतरी म्हणाली. काय ते कळलं नाही. मान खाली घालून पुटपुटलेलं माणसाला कळत नाही, हे मी तिला लग्न झाल्यापासून सांगतोय.

मनवाला कडेवर घेऊन ती जिना चढून गेली. आठ वर्षांची मुलगी जड असते.

गुरुवार, २४ एप्रिल

कोणी बोलत नाही माझ्याशी. दर्शनाने डबा भरला आणि गेली. शांताने जेवायला वाढलं.

शनिवार, २६ एप्रिल

चौथा खाडा.

दुपारी कोपऱ्यावर रघुवीर भेटला.

"भाऊ, वहिनींचा फोन आला होता परवा. दर्शनावहिनींचा."

"काय म्हणत होती?"

"आवाज बारीक आहे म्हणे. किर्रर्र असा. एकसारखा. तसं असेल ना भाऊ, तर काम छोटं आहे. पट्टा असेल, नाहीतर एखादी पुली. तासाभराचं काम. पण तसंच चालवत राहिलात आणि पट्टा तुटला, तर मात्र रस्त्यात उभे राहाल."

"तसं काही नाही रे. बॅटरी सैल होती. आता आवाजच नाही."

"मग बाळीला काय होतं?"

"तिच्या मनात बसलंय."

तो घुटमळला. कळकट फडक्याला हात पुसत राहिला. "नक्की ना? तुमचं धरू की त्यांचं?"

"अरे, यंत्रात आयुष्य कोणाचं गेलं? माझं की तिचं?"

"तुमचं, भाऊ."

"मग?"

"भाऊ म्हणाले म्हणजे झालं," म्हणून तो गेला.

घरी येताना मन लागेना. कोणी विरोध केला असता तर बरं वाटलं असतं. विरोधकाशी कसं बोलायचं ते मला माहीत आहे. हे जे मान डोलावून निघून जाणं आहे, त्याच्यापुढे माझं काही चालत नाही.

रविवार, २७ एप्रिल

एकटाच खाली गेलो. गाडी सुरू केली आणि तासभर तिच्याजवळ बसलो. बॉनेटवर कान टेकवला, बॉनेटच्या कडेला, चाकाजवळ, डॅशबोर्डखाली. लयीत चालणारी, समाधानी घरघर. बाकी काही नाही. भिंतीवर झोपलेलं मांजर उठून निघून गेलं.

मग मी मागच्या डाव्या सीटवर बसलो. काचेवर मनवाच्या बोटाचे गोल अजून होते, एकात एक. ही पोर आमच्यापैकी कोणाचंच ऐकत नाही, कोणाला काही सांगत नाही. मी हजारो माणसांना बोलतं केलं. संपाच्या दिवसांत ज्यांना पोटात दोन दिवस अन्न नव्हतं, त्यांनाही बोलतं केलं. घरातल्या एका जिवाला काय होतंय, ते मला कळत नाही. इंजिनात दोष असता तर इंजिन उतरवलं असतं. दोष नसलेल्या गाडीत काय शोधू?

लवू म्हणाला, "गाडीत काय नाय. तुझ्या नातीक गावच्या देवाकडे घेऊन जा." लवूला शिव्या घातल्या. पण संध्याकाळी गावाकडे जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक पाहत बसलो होतो, हेही इथे लिहून ठेवतो. विवेकवादी म्हणवणारा मी.

बुधवार, ३० एप्रिल

पाचवा खाडा. केंद्राकडून पत्र आलं. भाषा सौजन्याची आहे. "आपली अडचण आम्ही समजू शकतो. तथापि ३ मे रोजी सकाळी साडेदहाच्या सत्रास कु. मनवा उपस्थित न राहिल्यास..." तथापि हा शब्द मी मालकांच्या नोटिसांत शेकडो वेळा वाचलाय. त्याच्या पुढे नेहमी कोणाची तरी भाकरी जाते.

दर्शनाने काल मनवाला टॅक्सीत बसवायचा प्रयत्न केला, म्हणून शांताने सांगितलं. टॅक्सी लालबागचं मार्केटसुद्धा ओलांडू शकली नाही. दर्शनाच्या मनगटावर दातांच्या खुणा आहेत. तिने बांगड्या वर सरकवून त्या झाकल्या होत्या.

उद्या कामगार दिन. मैदानात माझं भाषण आहे. विषय दिलाय: 'गिरणीने आमचं काय नेलं?' मुद्दे काढले नाहीत. या विषयावर मला झोपेतून उठवलं तरी बोलता येईल.

गुरुवार, १ मे

संध्याकाळ.

सभा चांगली भरली होती. पुढच्या चार रांगा आमच्या साचेखात्याच्या म्हाताऱ्यांच्या, लवू मध्यभागी. त्यांच्यामागे सुना, मुलं, नातवंडं, चाळींतली तरुण पोरं. मी सुरुवात केली. गिरणीने आमची फुप्फुसं नेली, म्हणालो. आमची घरं नेली. आमच्या बायकांचं सोनं नेलं. टाळ्या येत होत्या. मी माईक हातात घेऊन पुढे सरकलो, स्टेजच्या कडेला, कर्ण्याजवळ, आवाज चढवला आणि म्हणालो, "सांगा, आणखी काय नेलं?"

आणि समोरच्या गर्दीने कानांवर हात ठेवले.

एकाने नव्हे, सगळ्यांनी. पाचव्या रांगेपासून शेवटपर्यंत. बायकांनी पदर कानांवर दाबले. एका बाईने कडेवरच्या बाळाचं डोकं छातीत घट्ट धरलं. पोरांचे चेहरे पिळवटलेले, डोळे मिटलेले. तो चेहरा मी ओळखला. गाडीच्या आरशात पाहिलेला चेहरा तो.

पुढच्या चार रांगा मात्र शांत बसून होत्या. लवू पान चावत होता. एकाही म्हाताऱ्याचा हात हलला नाही. ते सगळे माझ्याकडे, माझ्या ओठांकडे बघत होते आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत होते.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

साउंडवाला धावत आला, त्याने माझ्या हातातून माईक घेतला, मला मागे ओढलं. हात खाली आले. मी स्टेजच्या पायऱ्या उतरलो. खाली आकांक्षा उभी होती, आमच्या मजल्यावरची, कॉलेजात जाणारी.

"काय झालं होतं गं?"

"आजोबा, माईक केवढा किंचाळला! कान फाटले आमचे. तुम्ही बोलतच होतात."

लवूपाशी गेलो. "लवू, माईकचा आवाज आला तुला?"

"कसलो आवाज? मधीच थांबलंस कित्याक? बरा चललेला."

भाषण पुरं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. चालत घरी आलो. शांता ओट्याशी होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्यासमोर उभा राहिलो.

"शांता, मला ऐकू येत नाही?"

तिने गॅस बारीक केला. "येतं हो. जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत."

"म्हणजे कुठले?"

"कुकरची शिट्टी येत नाही. दाराची बेल येत नाही. मोबाइल वाजतो तो येत नाही, म्हणून तर मीच उचलते. आणि..." ती पुढे काही सांगणार होती, पण आतल्या खोलीत मनवा कपाटाच्या काचेवर बोटाने गोल काढत बसली होती, तिकडे तिने पाहिलं आणि गप्प झाली. मी विचारलं, आणखी काय? "काही नाही," म्हणाली.

"किती वर्षं झाली?"

"लग्न झालं तेव्हापासून थोडं थोडं. मिलमधल्या सगळ्यांचंच तसं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"सांगायचंस की मला!"

"कधी सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही बोलत असता."

मग मी तिलाच रघुवीरला फोन लावायला सांगितला. तो गाडी पोचवायला कणकवलीला गेलाय, उद्या रात्री परततोय. त्याचं बोलणं शांताने मला समोर उभं राहून सांगितलं. पट्ट्याच्या रांगेत तीन जागा आहेत: वर आल्टरनेटरची पुली, खाली इंजिनाची पुली आणि मध्ये पाण्याचा पंप. किंकाळी तिन्हीपैकी कुठून येते ते उद्या सकाळी नक्की कळवलं, तर तो वाटेत पार्ट घेईल आणि शनिवारी सकाळी सातला आमचं काम पहिलं करील. मनवाची वेळ साडेदहाची आहे. न कळवलं तर पार्ट नाही, आणि पार्ट नाही तर मग गेलं सगळं. आणि पार्ट बदलला तरी मनवा पुन्हा त्या दाराला हात लावेल की नाही, हे रघुवीरलाही ठाऊक नाही, मलाही नाही.

पहिला विचार मनात आला तो हा की मनवाला गाडीजवळ उभं करावं. ती कुठे जास्त दचकते ते बघावं. तो विचार आला, याचीच लाज वाटते. तिने तीन आठवडे सांगितलं तेवढं पुष्कळ आहे.

दर्शना सात वाजता आली; आज सुटी असूनही तिचं ऑफिस चालू होतं. दार मीच उघडलं, शांताने खूण केली म्हणून. तिच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात केंद्राचं पत्र. मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली, खूप वेळ पाहिली. एक शब्द आला नाही. ती बाजूने आत गेली.

म्हणून इथे लिहितो.

दर्शना, ही वही मी आजवर कोणाला दाखवली नाही. तुझ्या डब्यापाशी उघडी ठेवतोय. तेवीस तारखेचं पान वाचशील, तर मी काय काय बोललो ते सगळं तिथे आहे, एक शब्दही गाळलेला नाही. ते सगळं चुकीचं होतं. तू मान खाली घालून त्या दिवशी काय म्हणालीस, ते मला अजून माहीत नाही. ऐकून घ्यायला मी तयार आहे, तुला सांगावंसं वाटलं तर.

पण आधी गाडी. उद्या शुक्रवार. सकाळी सात वाजता, ऑफिसला निघण्याआधी, खाली ये. मी गाडी सुरू करीन आणि तोंड बंद ठेवीन. तू बॉनेटपाशी उभी राहा आणि जिथून ती किंचाळते तिथे मला बोट दाखव.